लोखंडाच्या पोटातली वळणदार वाट: वाळूच्या साच्यातलं ओतकाम, सोप्या भाषेत

इलेक्ट्रिक गाड्यांची बातमी आली की पुण्यात एक प्रश्न हमखास निघतो. इंजिनच गेलं तर भोसरी, चाकण, पिरंगुटच्या फाउंड्र्यांचं, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचं, काय होणार? प्रश्न रास्त आहे, कारण कितीतरी घरं त्या पगारावर चालतात. पण त्यावर मत देणाऱ्या बहुतेकांनी फाउंड्री आतून पाहिलेली नसते. रस्त्यावरून दिसते ती पत्र्याची उंच शेड, काळपट धूळ आणि रात्रपाळीला दारातून बाहेर येणारा तांबडा उजेड. एवढ्यावरून हे जुन्या काळचं, निव्वळ अंगमेहनतीचं आणि आता संपत आलेलं काम आहे असं वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही, ते सांगायचं तर आत काय चालतं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

गॅरेजमध्ये एखाद्या कारचं इंजिन खोललेलं असेल तर त्याचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, जरा निरखून पाहा. धातूच्या एकाच ठोकळ्यात हवा आत यायच्या वाटा आहेत, धूर बाहेर जायच्या वाटा आहेत, आणि या दोन्हींना वळसे घालत आतल्या आत फिरणारे पाण्याचे मार्ग आहेत. ड्रिल सरळ जातं, ते वळत नाही. मग या वाकड्या वाटा कोणी कोरल्या? कोणीच नाही. त्या जागी आधी वाळू होती. वितळलेला धातू तिच्याभोवती ओतला, तो गोठला, आणि नंतर आतली वाळू भुगा करून झटकून काढली.

वाळूच्या साच्याचं सगळं बळ यातच आहे: तो मोडता येतो.

साचा कसा होतो?

मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. तो दोन भागांत उघडतो, आणि उघडताना मोदकाची कळी मोडू नये म्हणून आतल्या रेषा बाहेरच्या बाजूला किंचित पसरट असतात. कुठेही उलटी खाच नसते. फाउंड्रीतल्या साच्यालाही हीच अट लागू आहे. फरक एवढाच, की घरातला साचा वर्षानुवर्षं टिकतो, आणि फाउंड्रीतला दर नगाला नवा करावा लागतो.

टिकतो तो पॅटर्न. पॅटर्न म्हणजे हव्या त्या भागाची लाकडात, अ‍ॅल्युमिनियममध्ये किंवा रेझिनमध्ये (घट्ट होऊन कडक बसणाऱ्या राळेसारख्या रसायनात) केलेली प्रतिकृती. लोखंडी चौकटीत, जिला कारखान्यात बॉक्स म्हणतात, पॅटर्न ठेवायचा, त्यावर दमट वाळू टाकून घट्ट ठासायची आणि पॅटर्न अलगद वर उचलायचा. वाळूत त्याचा ठसा राहतो. असे दोन बॉक्स, एक खालचा आणि एक वरचा, तोंडाला तोंड लावून मिटले की मधे पोकळी तयार होते. पॅटर्न निघताना वाळूची कड ढासळू नये म्हणून त्याच्या उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार दिलेला असतो. वरच्या बॉक्समध्ये धातू ओतायला तोंड ठेवतात आणि तिथून पोकळीपर्यंत धातू नेणारे पाट काढतात.

लहान फाउंड्रीत हे काम हातानं किंवा वाळू आपटून दाबणाऱ्या मशीनवर होतं. मोठ्या ठिकाणी स्वयंचलित लाइनवर तासाला काही शे साचे तयार होतात. पद्धत बदलते, तत्त्व तेच राहतं.

नदीची वाळू चालत नाही का?

वाळूउपशाच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला ही शंका येणं साहजिक आहे. उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे. पुण्याच्या भोवतालचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. मुळा-मुठेसारख्या नद्यांची वाळू बरीचशी याच दगडाच्या झिजेतून आलेली असते. बेसाल्ट साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळू लागतो, आणि फाउंड्रीत लोखंड ओतलं जातं १३५० ते १४०० अंशांना. म्हणजे अशा वाळूचे कण धातूच्या स्पर्शानं वितळून त्यालाच चिकटून बसतील.

फाउंड्रीला लागते ती सिलिका वाळू, म्हणजे जवळपास शुद्ध गारेचे, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचे, कण. गार वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं. महाराष्ट्रात अशी वाळू सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात निघते. कणांचा आकारही बघावा लागतो. कण फार बारीक असले तर वायूला निसटायला जागा उरत नाही, फार जाड असले तर धातूचा पृष्ठभाग खरबरीत होतो.

गारेची एक खोड मात्र आहे. ५७३ अंशांना तिच्या स्फटिकाची रचना बदलते आणि ती एकदम फुगते. साच्याची आतली कातडी फुगली आणि मागची वाळू थंडच राहिली तर कातडीचा पापुद्रा सुटतो आणि धातू त्याच्या मागे शिरतो. अनुभवी माणूस जॉबवरचा, म्हणजे ओतून काढलेल्या भागावरचा, तो ओबडधोबड फोड बघूनच सांगतो की गडबड धातूत नसून वाळूत आहे.

ओल्या वाळूत तापलेलं लोखंड? मग स्फोट कसा होत नाही?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात विलक्षण भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

नुसती वाळू आकार धरत नाही. तिला बांधून ठेवायला बेंटोनाइट नावाची चिकणमाती घालतात. ती प्रामुख्यानं गुजरातमधल्या कच्छमधून येते आणि वाळूच्या साधारण ६ ते १० टक्के असते. पण कोरडी माती चिकटत नाही, तिला ओल हवी. म्हणून सुमारे ३ टक्के पाणी. आता हिशोब करा. १०० किलो वाळूत ३ लिटर पाणी आहे, आणि एका लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा मागते. सगळं पाणी एकदम उकळत नाही, धातूला लागून असलेल्या थरातलंच उकळतं. तरीही काही सेकंदांत बरीच वाफ तयार होते आणि तिला कुठेतरी जायचं असतं.

ती जाते वाळूच्या कणांमधल्या फटींतून. साचा घट्ट हवा, पण गच्च नको. या गुणाला कारखान्यात पर्मिअॅबिलिटी म्हणतात, म्हणजे वाळूतून वायू किती सहज निघून जातो त्याचं माप. दर पाळीला प्रयोगशाळेत ते मोजतात. जाणता मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, तर मूठभर वाळू दाबून बघतो. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत, गोळा मोडला की कड धारदार तुटली पाहिजे आणि तळव्याला काही चिकटता कामा नये. पाणी कमी पडलं तर साच्याची कड झडते आणि वाळूचे कण धातूत जातात. जास्त झालं तर वाफेला वाट पुरत नाही, ती धातूतच घुसते आणि आत बुडबुडा गोठतो. हाच तो ब्लोहोल. याचं दुखणं असं, की तो वरून दिसत नाही. जॉब मशीन शॉपमध्ये जातो, त्यावर पैसे आणि तास खर्च होतात, शेवटचा काप घेताना भोक उघडं पडतं आणि सगळं भंगारात जातं.

वाळूत दळलेला कोळसाही मिसळतात. धातू येताच तो जळतो, त्याच्या वायूचा आणि कार्बनचा पातळ पडदा धातू आणि वाळू यांच्यामध्ये धरतो, आणि त्यामुळे नग स्वच्छ निघतो. फाउंड्रीची वाळू काळी असते ती यामुळे.

खरा धोका साच्यात नसतो, तो साठलेल्या पाण्यात असतो. जमिनीवर थारोळं असेल आणि त्यावर धातू सांडला, किंवा भट्टीत ओलं भंगार पडलं, तर वाफेला फटी मिळत नाहीत आणि वितळलेलं लोखंड उसळून अंगावर येतं. पुण्याचा जून ते सप्टेंबर म्हणूनच फाउंड्रीला जड जातो. उघड्यावरचं भंगार भिजतं, ते तापवून कोरडं केल्याशिवाय भट्टीत टाकायचं नसतं. हवेतली ओल साच्याच्या आतल्या भागांत मुरते आणि या दिवसांत ब्लोहोलच्या तक्रारी वाढतात.

पोकळ भाग कसा येतो?

पोकळीत धातू ओतला तर भरीव ठोकळा मिळेल. आतून पोकळ हवा असेल तर पोकळीत आधीच एक वाळूचा तुकडा ठेवावा लागतो, जो धातूला ती जागा घेऊ देत नाही. या तुकड्याला कोअर म्हणतात. सिलिंडर हेडमधल्या पाण्याच्या मार्गाचा कोअर पाहिला की थक्क व्हायला होतं. वाळूचीच बनवलेली, बोटाएवढ्या जाडीची, फांद्या फुटलेली जाळी.

तो ओल्या मातीनं टिकणार नाही, म्हणून वाळूत एक-दोन टक्के रेझिन मिसळून ती कोअर बॉक्समध्ये भरतात आणि उष्णतेनं किंवा वायू सोडून काही सेकंदांत कडक करतात. हातात घेतला तर दगडासारखा लागतो. साच्यात तो टेकावा म्हणून त्याला दोन्ही बाजूंना जादा टोकं ठेवलेली असतात, आणि त्या टोकांतूनच त्याच्यातला वायूही बाहेर पडतो.

आता त्याच्याभोवती १४०० अंशांचा धातू येतो. वाळूनं तेवढा वेळ, म्हणजे कवच गोठेपर्यंत, आकार धरायचा. तोवर रेझिन जळत आलेलं असतं. धातू थंड होता होता त्याची पकड सुटते आणि कोअर आतल्या आत भुसभुशीत होतो. नग हलवला, ठोकला की वाळू आपल्याच वाटेनं बाहेर पडते. लोखंडाचा कोअर ठेवला असता तर तो त्या वळणांतून कधीच निघाला नसता.

एक गोष्ट इथे नवख्या माणसाला सुचत नाही: कोअर तरंगतो. द्रव लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट, आणि ठासलेल्या वाळूची जेमतेम १.६ पट. म्हणजे एक किलो कोअर सव्वाचार किलोहून जास्त लोखंड बाजूला सारतो, आणि त्याला तीन किलोहून जास्त जोरानं वर ढकललं जातं. शाळेतला आर्किमिडीज इथे पुरेपूर लागू होतो. कोअर उचलला गेला तर वरची भिंत पातळ आणि खालची जाड होते. वरचा बॉक्सही धातूच्या दाबानं उचलला जाऊ शकतो, म्हणून त्यावर वजनं ठेवतात किंवा दोन्ही बॉक्स क्लॅम्पनं आवळतात. हे विसरलं तर सांध्यातून लोखंड बाहेर धावतं.

ओततात ते नेमकं कोणतं लोखंड?

शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. त्यात तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन मिसळलं की ते ११५० ते १२०० अंशांच्या घरात वितळतं आणि पाण्यासारखं पातळ वाहतं. हेच बीड, म्हणजे कास्ट आयर्न. रविवार पेठेत मिळणारा बिडाचा तवा आणि गाडीची ब्रेक डिस्क एकाच कुळातल्या.

कच्चा माल बराचसा भंगाराचा असतो. प्रेस शॉपमध्ये पत्रा कापून उरलेल्या कातरणीपासून उद्याची ब्रेक डिस्क होते. भट्टी आता बहुतेक ठिकाणी विजेची आहे. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, आणि म्हणून वीजदर वाढला की फाउंड्रीवाल्याच्या पोटात गोळा येतो. ओतण्याआधी वितळलेल्या धातूचा छोटा नमुना घेऊन त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य किती आहे ते यंत्रावर तपासतात. कमीजास्त असेल तर तिथेच दुरुस्ती करतात.

बीड गोठताना त्यातला जादा कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. हे पापुद्रे कंपन शोषतात, उष्णता लवकर पसरवतात. ब्रेक डिस्क आणि लेथ मशीनचा पाया बिडाचाच का असतो त्याचं हे कारण. पण पापुद्र्याची टोकं तीक्ष्ण असतात आणि ताण आला की तडा तिथूनच सुरू होतो. हातातून निसटलेला बिडाचा तवा वाकत नाही, फुटतो.

यावर उपाय सापडला १९४३ साली. अमेरिकेत कीथ मिलिस या धातुतज्ज्ञाला आढळलं की वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट पापुद्र्याऐवजी गोळ्यांच्या रूपात बाहेर येतं. गोळ्याला टोक नसतं, तडा सुरू व्हायला जागा नसते, आणि तेच लोखंड वाकायला तयार होतं. आपल्याकडच्या फाउंड्र्यांत याला एसजी आयर्न (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोल ग्राफाइटचं लोखंड) म्हणतात. धातूत शेवटी राहणारं मॅग्नेशियम असतं जेमतेम ०.०४ टक्के! ते घालणंही सोपं नाही. मॅग्नेशियम १०९० अंशांना उकळतं, म्हणजे १४०० अंशांच्या लोखंडात पडताच त्याची वाफ होऊन डोळे दिपवणारा भडका उडतो. शिवाय घातलेलं मॅग्नेशियम मिनिटामिनिटाला कमी होत जातं, त्यामुळे घातल्यावर दहा-एक मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं. कोणी चहाला थांबला तर ग्राफाइट पुन्हा बिघडलेल्या आकारात जातं, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून नमुना घासून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय चांगली फाउंड्री असा माल बाहेर सोडत नाही.

गोठताना धातू आकसतो, मग माप कसं जुळतं?

घन झालेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. बिडासाठी मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, स्टीलसाठी २० च्या आसपास. पॅटर्न बनवणाऱ्याची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यावर ही वाढ आधीच धरलेली असते.

त्याहून अवघड आकसणं होतं ते द्रवाचा घन होताना. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागून. जाड भागाचा गाभा गोठेपर्यंत त्याला धातू पुरवणाऱ्या वाटा बंद झालेल्या असतात आणि आत खळगा पडतो. म्हणून जाड भागाजवळ धातूचा एक जादा साठा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. तो सर्वांत शेवटी गोठला पाहिजे, म्हणजे तोपर्यंत नगाला धातू पाजत राहील. किती मोठा रायझर ठेवायचा याचा नियम १९४० साली ख्वोरिनोव्ह या चेक अभियंत्यानं मांडला. गोठायचा वेळ आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो. सगळ्या मापांनी दुप्पट ठोकळा गोठायला चौपट वेळ घेतो. आज हेच गणित संगणक करतो आणि पहिला साचा होण्याआधी पडद्यावर दाखवतो की खळगा कुठे पडेल.

नग थंड झाल्यावर साचा मोडायचा, रायझर आणि पाट तोडायचे, कडा घासायच्या. तोडलेले तुकडे परत भट्टीत जातात. ओतलेल्या १०० किलोंपैकी ३०-४० किलो असे परत फिरणं अगदी नेहमीचं आहे.

प्रत्येक वेळी साचा मोडायचा, म्हणजे वाळू वाया?

नाही. एक किलो नगामागे चार-पाच किलो वाळू सहज लागते. एवढी फेकून कोणाला परवडेल? मोडलेल्या साच्याची वाळू चाळतात, चुंबकाखालून नेऊन त्यातले लोखंडाचे कण वेचतात, थंड करतात, थोडी नवी वाळू, माती, पाणी घालून पुन्हा साच्याला देतात. मोठ्या प्लांटमध्ये तीच वाळू दिवसातून अनेक फेऱ्या मारते.

तरी काही भाग रोज बाद होतोच. जळून मेलेली माती आणि झिजलेले कण साठत जातात, ते काढावे लागतात. बाद वाळू विटा, पेव्हर ब्लॉक, रस्त्याचा भराव यांत वापरता येते. कोअरच्या वाळूत जळक्या रेझिनचे अंश असतात, म्हणून ती तपासल्याशिवाय कुठेही टाकणं चूक आहे. ओढ्याकाठी रात्री रिकामा केलेला डंपर हा साधा गुन्हा समजून सोडून देऊ नये, त्या वाळूतून उतरणारं पाणी आपल्याच विहिरीत झिरपतं. वाळू ७०० अंशांच्या आसपास भाजून रेझिन जाळून टाकायचं तंत्र उपलब्ध आहे, खर्चिक आहे, पण नव्या वाळूचा आणि वाहतुकीचा खर्च वाढतो तसं ते परवडू लागतं.

ठोकून केलेलं मजबूत, ओतलेलं कच्चं: हे खरं का?

अर्धं खरं. मुंढव्यात भारत फोर्जमध्ये ट्रकचे क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातले फिरते दांडे, होतात ते तापलेलं स्टील प्रचंड दाबाखाली ठोकून. त्यात धातूची अंतर्गत ठेवण भागाच्या आकाराबरोबर वळते आणि सतत उलटसुलट ताण सोसायला तो भाग पक्का होतो. तिथे ओतकामानं स्पर्धा करू नये. पण ठोकून पोकळ इंजिन ब्लॉक करता येत नाही, पंपाची गोगलगायीसारखी खोळ करता येत नाही. शिवाय एसजी आयर्नचे क्रँकशाफ्ट कितीतरी कारमध्ये वर्षानुवर्षं फिरताहेत. भागावर कसला ताण येणार आणि त्याचा आकार किती गुंतागुंतीचा, यावर निवड ठरते.

आत काम करणाऱ्याच्या छातीचं काय?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देता येत नाही. साचा मोडताना, नग घासताना गारेचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते, न दिसणारी थेट फुप्फुसात उतरते. तिथे ती व्रण करते, फुप्फुस घट्ट होत जातं. हा सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. सरकारला कळवायलाच हव्यात अशा आजारांच्या कायद्यातल्या यादीत त्याचं नाव आहे.

पण तो टाळता मात्र येतो. साचा मोडायची जागा बंदिस्त करून तिथे धूळ ओढणारा पंखा बसवणं, घासायचं काम धूळ ओढून घेणाऱ्या टेबलावर करणं, झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरणं, नाकावर साध्या रुमालाऐवजी योग्य मास्क. यातलं काहीही अवघड नाही. घासायच्या कामावर बरेचदा कंत्राटी माणसं असतात, ती सहा महिन्यांत दुसऱ्या कारखान्यात जातात आणि धूळ मात्र छातीत घेऊन जातात. त्यांचाही छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे आणि तिचा कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे. भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या नगाचं माप शंभर वेळा तपासतात. तपासणीला आलेल्या माणसानं नॉकआउटजवळ, म्हणजे साचा मोडायच्या जागेजवळ, दहा मिनिटं उभं राहून हवाही बघावी.

मग इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर?

पुण्याभोवतीचं ओतकाम इंजिनांच्या आधारानं वाढलं. १९४६ साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, पुढे पिंपरी-आकुर्डीत वाहनांचे कारखाने आले, आणि त्यांना लागणारे ब्लॉक, हेड, खोळी ओतणारी शेडं भोसरीपासून पसरत गेली. त्यामुळे धक्का बसणार हे खरं आहे. इंजिन ब्लॉक, एक्झॉस्टचे मार्ग, क्रँकशाफ्ट, यांची गरज इलेक्ट्रिक गाडीला नाही. ज्या छोट्या फाउंड्रीचा सगळा धंदा अशा एक-दोन नगांवर आहे, तिनं आतापासूनच दुसरा माल शोधला पाहिजे.

पण ब्रेक डिस्क राहते. चाकाला धरून ठेवणारे नकल आणि हब हे भाग, ट्रकच्या अ‍ॅक्सलची खोळ राहते. ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर, लेथचे पाये यांचा इलेक्ट्रिक गाडीशी संबंधच नाही, आणि पवनचक्कीचा कित्येक टनांचा हब एसजी आयर्नमध्ये ओतला जातो. शिवाय इलेक्ट्रिक मोटर तापते. तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीत थंड पाणी फिरवायला वेटोळी वाट लागते, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी पुन्हा वाळूचाच कोअर ठेवतात. मात्र गाडीच्या सांगाड्याचे मोठे तुकडे दाबानं पोलादी साच्यात ओतायचं जे तंत्र आता आलंय, तिथे वाळूला फारसं काम नाही. ती लाखो नगांची, कोट्यवधींच्या मशीनची दुनिया आहे.

वाळूची जागा दुसऱ्या टोकाला पक्की होत चालली आहे, जिथे नग थोडे आणि आकार अवघड. आता पॅटर्नशिवायही साचा होतो: यंत्र वाळूचा पातळ थर पसरवतं, हवा तिथेच रेझिनचे थेंब सोडतं, पुन्हा थर, पुन्हा थेंब, आणि संगणकातला आकार थेट वाळूत उतरतो. समजा, उपसा सिंचनाच्या एखाद्या जुन्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं फिरतं चाक, तुटला, मूळ कंपनी बंद, पॅटर्न केव्हाच सरपणात गेलेला. तुटलेले तुकडे जुळवून स्कॅन करायचे, झीज भरून काढून आकार दुरुस्त करायचा, साचा छापून घ्यायचा आणि नेहमीच्या भट्टीतलं लोखंड त्यात ओतायचं. पूर्वी पॅटर्न करायलाच जे आठवडे जायचे ते वाचतात, आणि पीक वाळायच्या आत पंप सुरू होऊ शकतो.